वऱ्हाडातला देशमुखाचा वाडा, साल १६५५ : गडीमाणसं कशी ठेवत, कोठी कशी भरत?

पैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमची पीठगिरणी आहे. दिवसभर लोकांची ज्वारी, गहू, डाळ तोलते आणि रात्री लेकरं झोपली की कादंबरी लिहायला बसते. दोन वर्षं झाली, तीन वह्या भरल्या. गोष्ट एका देशमुखीणबाईची आहे, साल धरलंय १६५५ च्या सुमाराचं. नवरा मोगलांच्या चाकरीत दूर मुलखात, सासरा अंथरुणाला खिळलेला, आणि तीस-चाळीस माणसांचा वाडा एकटीच्या अंगावर. मला लढाया दाखवायच्या नाहीत. ही बाई घर कसं चालवते, एवढंच दाखवायचंय.

माझ्या माहेरी असा एक वाडा होता. मी पाहिला तेव्हा पांढऱ्या मातीच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. परसात जमिनीला एक गोल तोंड आणि त्यावर शिळा. आम्ही पोरी त्या शिळेवर बसून चिंचा खायचो. ते धान्याचं पेव होतं हे मला दोन लेकरांची आई झाल्यावर कळलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही की ते कुणी भरलं असेल, कुणी उघडलं असेल, आणि त्यातली भाकर कुणाच्या वाट्याला किती आली असेल.

अडचण अशी आहे. पहिल्या प्रकरणात बाई ओसरीवर बसलीय. कामाला ठेवायला दोन पोरी समोर आणल्यात. ती त्यांना महिन्याचा पगार ठरवून देते. मग कारभाऱ्याच्या हाती यादी देते आणि तो मंगळवारच्या बाजारातून महिन्याचं सामान आणतो. रात्री पंगतीला झुणका, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. हे मी माझ्या मावससासऱ्यांना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, हे तुझंच घर झालं. माणसांना फक्त जुनी लुगडी नेसवलीस." त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते खरं होतं.

तर सांगा. वाड्यावर माणूस कामाला कसा यायचा? त्याला काय मिळायचं, पैसा की धान्य? तेल, मीठ, तूप, कापड कुठून यायचं? साठवायचं कसं? आणि जेवायला काय दाखवू? ज्यांना घरातल्या जुन्या माणसांकडून काही ऐकायला मिळालंय त्यांनी तेही लिहा, साल मागचं-पुढचं असलं तरी चालेल.

---

मोडीवाचक, बाळापूर तालुका

ताई, मावससासऱ्यांचं बरोबर आहे, पण वही फाडू नका. बाईंना ओसरीवरून उठवा आणि खळ्यावर नेऊन उभं करा. त्या काळच्या वाड्याचं वर्ष खळ्यावर ठरायचं.

मी एकतीस वर्षं तलाठी होतो. निवृत्त झाल्यावर मोडी शिकलो, आता डोळे साथ देतात तोवर वतनाचे कागद वाचतो. त्या कागदांनी मला जे शिकवलं ते सांगतो.

देशमुख हा परगण्याचा वतनदार. सरकारचा सारा वसूल व्हायला त्यानं राबायचं आणि बदल्यात गावोगावचा हक्क खायचा. हा हक्क रोकड असे, तसाच वस्तूंत असे. तेल्याच्या घाण्यामागं तेल. चांभाराकडून वर्षाचा जोडा. धनगराकडून घोंगडी, कोष्ट्याकडून पासोडी, तांबोळ्याकडून विड्याची पानं. बाजारात विकायला आलेल्या धान्यातून मूठ-पसा काढून घेत, त्याला फसकी म्हणत. सणावाराला तूप, भाजीपाला, लाकूडफाटा. म्हणून तुमच्या कारभाऱ्याच्या हाती यादी जरूर असू द्या, पण त्या यादीत कोणत्या गावाकडून आणि कोणत्या घराकडून काय यायचं राहिलंय ते लिहिलेलं असेल. बाईंचा खरा कामाचा दिवस त्या यादीत जातो. कोष्टी म्हणतो, यंदा माग बंद होता. तेली म्हणतो, तीळच झाला नाही. कुणाला सूट द्यायची, कुणाकडून दुप्पट धरायचं, हे तिनं ठरवायचं. प्रकरण तिथंच उभं राहील बघा.

माणसांचंही तसंच. न्हावी, परीट, कुंभार, सुतार, लोहार हे वाड्याचे नोकर नव्हेत, ते गावाचे बलुतेदार. वर्षभर काम करायचं आणि पीक आलं की खळ्यावर येऊन आपलं बलुतं न्यायचं. त्यांच्यात तीन ओळी असत, त्यांना कास म्हणत. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणी, गुरव, कोळी. गावपरत्वे यात फरक पडे. थोरल्या कासेला वाटा जास्त. मग वाड्यात खास घरचं म्हणून कोण? हुजऱ्या, पाणक्या, दिवट्या, घोड्याचा मोतद्दार, ढोरकी, आणि आत दळण-कांडण, सारवण, पाणी करणाऱ्या बाया. यातल्या बहुतेकांना पोटाला अन्न आणि अंगाला वस्त्र. रोख पैसा हातात पडला तर सणाला.

महिन्याच्या पगाराचा प्रकार नव्हताच असं मात्र समजू नका. तो मोगल सरदारांच्या घरी होता. पेल्सार्ट नावाचा डच व्यापारी आग्र्याला राहत होता, त्यानं १६२६ मध्ये लिहून ठेवलंय की बडे उमराव नोकरांना तीन-चार रुपये देत, पण महिना धरत चाळीस दिवसांचा. पगार कित्येक महिने थकवत आणि शेवटी जुनेपाने कपडे देऊन भागवत. हे वाचून मी वही मिटून बसलो होतो. तुमच्या बाईंचा नवरा मोगलांच्या चाकरीत आहे ना? मग त्याच्या राहुटीतल्या माणसांना चाळीस दिवसांचा महिना आणि वाड्यातल्या माणसांना पोट आणि हक्क, असं दोन्हीकडचं दाखवता येईल. एखादा गडी छावणीतून कंटाळून वाड्यावर परत आला, तर त्याच्या तोंडून दोन्ही रीती आपोआप येतील.

भावाची कल्पना यावी म्हणून अबुल फजल या दरबारी लेखकानं अकबराच्या शेवटच्या वर्षांत नोंदवलेले दर देतो. हे दर दरबारचे आहेत आणि तुमच्या सालाच्या साठ वर्षं आधीचे, म्हणून जसेच्या तसे वापरू नका, एकमेकांशी प्रमाण बघा. ४० दामांचा एक रुपया. ज्वारी मणाला १० दाम, गहू १२, मीठ १६, तिळाचं तेल ८०, तूप १०५. साध्या मजुराला दिवसाला २ दाम. म्हणजे पाच दिवस राबलं की मणभर ज्वारी, आणि मणभर तुपाला बावन्न दिवसांची मजुरी. तूप कुणाच्या ताटात आणि कुणाच्या नाही, हे एवढ्यावरून लिहिता येतं. तुम्ही तोलण्याच्या धंद्यातल्या आहात म्हणून सांगतो, तो अकबरी मण आपल्या २५ किलोच्या आसपासचा. शहाजहानच्या काळात मण ३३ किलोच्या वर गेला. पण गावात तराजू कमी, माप जास्त. शेर, पायली, मण, खंडी. पायली हातात धरलेली बाई दाखवा.

बाजारातून विकत आणावं लागे ते थोडं पण महाग. मिरे, लवंग, वेलदोडे, हिंग, तांब्या-पितळेची भांडी, झिरझिरीत कापड. यासाठी कारंज्यासारखी पेठ होती. १६७० मध्ये मराठ्यांनी कारंजा लुटलं तेव्हा चार हजार बैल-गाढवांवर माल लादून नेला, यावरून तिथली श्रीमंती समजा. मीठ कोकणातून यायचं तसं आपल्या वऱ्हाडातही घाटाखाली निघायचं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करत, इंग्रज अमदानीत ते बंद पडलं. वाहतूक बंजाऱ्यांच्या बैलांवर. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला १६३२ मध्ये उत्तरेत एक तांडा लागला, त्यात चौदा हजार बैल धान्य घेऊन चालले होते. आपल्याकडे तांडा गावाबाहेर उतरला की वाड्यावरून माणूस आधी मिठाचा भाव विचारायला धावत असणार. आणि तुमच्या जवळ लोणार आहेच. तिथला खार साबणाला आणि काचेला लागतो याची नोंद अबुल फजलनं केलीय. परटाच्या तोंडी एक वाक्य घाला.

एक राजकीय गोष्ट सांगून थांबतो. १५९६ पासून वऱ्हाड मोगलांकडे. तुमच्या सालात औरंगजेब दख्खनचा सुभेदार आणि मुर्शिद कुलीखान दिवाण. या दिवाणानं जमिनी मोजायला लावल्या आणि ओसाड गावं वसावीत म्हणून बैल-बियाण्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, दिली. १६३० ते ३२ च्या दुष्काळानं मुलूख रिकामा झाला होता, त्याला वीस-पंचवीस वर्षं होऊनही जखम भरली नव्हती. तुमच्या वाड्यावर मोजणीची दोरी घेतलेली माणसं येऊ द्या. त्या दिवशी देशमुखाच्या घरात भाकरी गोड लागली नसेल.

---

पानमळा, अंजनगाव

ताई, स्वैपाकाचं मी सांगतो. ठेचा काढा. शेंगदाणाही काढा.

मिरची पोर्तुगीजांनी आणली. अबुल फजलच्या मसाल्यांच्या यादीत मिरे आहेत, सुंठ आहे, जिरं आहे, मिरची नाही. भुईमूग तर आपल्या वऱ्हाडी वावरात फार पुढं आला. बटाटा, टमाटा, मका, चहा, साबुदाणा, सगळं बाजूला ठेवा. नागपुरी संत्रंही नको, ते भोसल्यांच्या काळातलं. आणि तुमच्या गावाबाहेर आज जिकडंतिकडं दिसतं ते सोयाबीन तर आपल्या डोळ्यादेखत आलं.

मग तिखट कशाचं? इथं मला बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण ते आमच्या मळ्यात आहे. पिंपळी. आम्ही बारी लोक पानवेलीबरोबर आजही पिंपळी लावतो. बारीक कणसासारखी, हिरवी असताना तोडायची आणि उन्हात वाळवली की काळी पडते. एक चावून बघा, आधी गोडसर लागते आणि मग जिभेच्या मागून जाळ उठतो, मिरचीसारखा पुढून नाही. अबुल फजलच्या यादीत मिरे शेराला १७ दाम आणि पिंपळी १६. म्हणजे दरबारातही ती मिऱ्याच्या मानाची. ज्या मुलखात ती पिकते तिथं देशमुखाच्या घरी ती असणारच. गरिबाच्या भाकरीवर मात्र पिंपळीही नाही. त्याला मोहरी, लसूण, आंबाडीचा आंबटपणा, चिंच.

झुणका ठेवा, हरभरा आपलाच. जवसाची चटणी, तिळाची चटणी, कारळाची चटणी. ज्वारीच्या कण्या ताकात. आंबाडीची भाजी. तूर, लाख, उडीद, मूग सगळं चालेल. तेल तिळाचं, जवसाचं, करडईचं. गोडाला गूळ. डोंगरातून मोह, चारोळी, मध, आणि मेळघाटाच्या गवळ्यांचं तूप. घाटावरच्या वाड्याला भात रोजचा नाही, पाहुणा आला तर.

तंबाखू बिनधास्त दाखवा. अकबराच्या दरबारात ती विजापुराहून गेली आणि जहांगिरानं १६१७ मध्ये बंदी घातली तरी थांबली नाही. तुमच्या अंथरुणावरच्या सासऱ्याला हुक्का द्या.

---

आजीची नात

ताई, माझी आजी ब्याऐंशी वर्षांची आहे, अकोट तालुक्यातली. तुमचा प्रश्न मी तिला मोठ्यानं वाचून दाखवला. 'पेव' शब्द ऐकला आणि ती जपमाळ खाली ठेवून बोलायलाच लागली. मी तिच्याच भाषेत उतरवते.

"माह्या सासरी दोन पेवं होते. एक धाकलं, एक थोरलं. थोरल्यात उभा मानूस हात वर करून बुडे, इतकं खोल. पेव पांढरीतच खंदा लागे, कायीत नाई. कायी पानी धरते, जवारी सडते. खाली न बाजूनं कडबा लावत, त्याच्यावर कडूनिंबाचा पाला, मंग जवारी ओतत. तोंडावर पुन्हा कडबा, वर शिया, न शियेच्या कडंनं चिखलानं लिपत. मुंगी जाईन एवढी भेग नोयती ठेवत.

"उघडाचं म्हटलं का त्या रोजी कोनी आत उतरत नोयतं. शिया सरकवली का गरम वाफ तोंडावर ये. आंबूस वास. डोये चुरचुरत. रातभर तसंच उघडं ठेवत. सकायी दोरीले कंदील बांधून खाली सोडत. कंदील इझला तं अजून थांबा लागे. आमच्या बाजूच्या गावी एक गडी घाईनं उतरला. घरी पाव्हने आलते, जवारी पायजेन होती. तो वर आलाच नाई. त्याले काढाले त्याचा भाऊ उतरला, तो बी नाई आला. त्या घरची मालकीन म्हातारी होयेपर्यंत त्या पेवाकडं पाये नाई. तिनंच म्हटलं होतं, उतर म्हनून.

"मंग जवारी काढली का पयले बाजूची काढत. ते काई काई कायी पडलेली, किटाचा वास येनारी. ते गड्यायले. मधातली पांढरीशिपत, ते घरात. मले ते तवाच आवडत नोयतं, पन नवी सून काय बोलते?

"मापाची गोठ सांग तिले. पयल्या पायलीले एक नाई म्हनाचं, लाभ म्हनाचं. लाभ, दोन, तीन, अशी मोजनी. न पायलीवरून हात कसा फिरते ते पाहाचं. वरती शीग ठेवली तं पायली भरली, हात सपाट फिरवला तं पसाभर कमी. घेताना शीग न देताना सपाट, अशे घरं म्या पायले. माही सासू दोनी येळेले सपाटच फिरवे. म्हनून लोक तिले मानत.

"सालदार पाडव्याले ठरे. जवारी ठरे, धोतरजोडी ठरे, घोंगडं न वाहना ठरत. सुपारी हातात दिली का वर्षभर माघारी फिराचं नाई, त्यानं बी नाई न आपन बी नाई. बाया मातर कोनी ठरवत नोयतं. सालदार ठरला का त्याची बायको आपसूक शेनगोठ्याले ये."

हे शेवटचं सांगून आजी बराच वेळ गप्प बसली. (ताई, तुमच्या सालात कंदील नको, दिवटी करा. बाकी पेव काही बदललं नसावं. दाणा आत बंद राहून श्वास घेतो, त्याची विषारी हवा तळाशी बसते, म्हणून दिवा विझतो, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "आमाले हवा माईत नोयती, दिवा माईत होता.")

---

राबत्याचा नातू

मोडीवाचक काकांनी 'राबता महार' लिहिलं नाही, पण वतनाच्या कागदांत तो शब्द आहे. त्यांनी वाचला असणारच. मी त्याबद्दल लिहितो, कारण तो आमचा माणूस आहे.

देशमुख-पाटलाच्या हक्कांच्या यादीत तेल, जोडा, पानं यांच्या ओळीत एक माणूसही असे. रोज वाड्यावर राबायला एक महार. आज या घरचा, उद्या त्या घरचा, पण रोज एक. लाकडं फोडायची, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावायचं, पाहुण्याच्या घोड्यापुढं चालायचं, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री राखण करायची. पाऊस असो, घरात बाळंतीण असो. त्याच्या बदल्यात बलुतं होतंच, पण ते त्याच्या दारात येत नसे. खळ्यावर जाऊन, बाजूला उभं राहून घ्यावं लागे. आणि रास उचलली की खाली उरलेलं मातेरं, म्हणजे मातीत मिसळलेला दाणा. माझी पणजी ते मातेरं सुपात पाखडून, पाण्यात धुऊन, खडे वेचून भाकर करायची, असं आजोबा सांगायचे. एक पायली मातेऱ्यातून दाणा किती निघतो, हे त्यांनी मला तळहातावर दाखवलं होतं. ओंजळही भरत नव्हती.

आमच्याकडे बिदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिल्याची गोष्ट सांगतात. गोष्ट अभिमानाची आहे, पण त्या बावन्नांत 'आज येणार नाही' म्हणायचा हक्क नव्हता.

आता तुमच्या त्या दोन पोरींबद्दल. ओसरीवर कामाला आणलेल्या पोरी पगार ठरवायला उभ्या नसतील. वाड्यात कुणबिणी असत, बटकी असत. विकत घेतलेल्या, किंवा दुष्काळात पोटासाठी आईबापांनी सोडलेल्या. १६३० ते ३२ च्या दुष्काळात लोकांनी पोटची लेकरं विकली, हे त्या वेळच्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय. हिशोब करा. तेव्हा आठ वर्षांची पोर तुमच्या १६५५ मध्ये बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई आहे. ती तुमच्या वाड्यात आत्ता दळतेय. तिला आपलं गाव आठवत असेल. पुढं १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी कर्नाटकात डच व्यापाऱ्यांना बजावलं की माझ्या मुलखात स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घ्यायचं नाही. मनाई करावी लागली, यावरून हा व्यवहार किती रुळलेला होता ते समजतं.

ताई, तुमची देशमुखीण चांगली बाई असेल. तुम्ही तिच्यावर जीव लावलाय ते दिसतंय. पण त्या दळणाऱ्या बाईला आणि त्या दिवशीच्या राबत्याला कादंबरीत नाव द्या. 'एक गडी', 'एक दासी' असं लिहू नका. कागदांनी ते तीनशे-साडेतीनशे वर्षं केलंय.

---

मोडीवाचक, बाळापूर तालुका

भाऊ, तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी तो शब्द वाचला होता, एकदा नाही, कित्येकदा. तेल, जोडा, पानं लिहिली आणि माणूस माझ्याकडून सुटला. तलाठी असतानाही मी गावच्या नोंदी करताना असंच केलं असणार. तुमच्या आजोबांच्या तळहाताची गोष्ट मी लिहून ठेवलीय.

---

पैनगंगाकाठ

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण गिरणीचा पट्टा तुटला होता आणि मी पहिलं प्रकरण नव्यानं लिहीत होते. सगळ्यांना हात जोडून नमस्कार. आजींच्या पायावर डोकं.

आता सुरुवात अशी झालीय. तुम्ही वाचून चुका सांगा.

*दिवाळी उलटून चार दिवस झाले होते. खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. बाई राशीजवळ आली तेव्हा पात सोडलेले बैल कडब्याला तोंड लावून उभे होते. मापारी पायली घेऊन बसला. "लाभ," तो म्हणाला. बाईनं पायलीकडं पाहिलं. वर शीग होती. राशीच्या पलीकडं, सावली पडणार नाही एवढ्या अंतरावर, त्या दिवशीचा राबता उभा होता. बाईनं वाकून स्वतःच्या हातानं शीग खाली सारली. दाणे राशीत परत पडले. "आता देताना बी असंच," ती म्हणाली. कारभाऱ्यानं यादीवरची नजर वर केली नाही.*

त्या रात्री पेव उघडायचं आहे, पाहुणे आले आहेत, आणि थांबायला कुणाला वेळ नाही. आजींनी सांगितलेलं मी तिथं आणणार आहे. जी बाई खळ्यावर माप सरळ करते तीच रात्री 'उतर' म्हणते. मी आधी तिला फार चांगली ठेवली होती. दळणाऱ्या बाईला नाव दिलंय, तिच्या गावालाही दिलंय, आणि तिला ते गाव ज्या दिशेला आहे तिकडं तोंड करून दळायला बसवलंय. राबत्यालाही नाव आहे. तो पेवात उतरत नाही, उतरणारा दुसरा आहे. पण दिवटी धरून तोच उभा आहे, आणि ती विझताना तोच पाहतो.

जेवणात पिंपळी घातली. माझ्या नवऱ्यानं अकोल्याहून वाळलेली पिंपळी आणून दिली. पानमळा दादा, जाळ खरंच मागून येतो.

---

मोडीवाचक, बाळापूर तालुका

फार चांगलं झालंय. एकच चूक. दिवाळीत ज्वारी वावरातच उभी असते ताई, कणसात दूध भरलेलं, पाखरं राखायचे दिवस. जुनी खरीप ज्वारी मार्गशीर्षात कापत आणि खळी पौषात लागत. दिवाळीऐवजी संक्रांत करा. थंडी असेल, राबत्याच्या अंगावर काय आहे तेही लिहावं लागेल. आणि पेव बहुधा नव्या राशीनंतर भरतात. जुनं उघडायची वेळ त्याच्या आधी येते, धान्य संपत आलेलं असताना. म्हणून पेव आधी आणि खळं नंतर असं फिरवून बघा. पेवाची ती रात्र होऊन गेल्यावर बाई खळ्यावर शीग सारतेय, असं.

---

पैनगंगाकाठ

काका, हे वाचून मी गिरणी बंद केली आणि ओट्यावर बसून राहिले. आधी पेव. हो. मग शीग सारणारा तो हात वेगळाच होतो.

उद्या माहेरी जातेय. वाड्याच्या भिंती आता पडल्यात, पण भाऊ म्हणतो शिळा जागेवर आहे. टेप घेऊन जाते. तोंड किती रुंद आहे ते मोजून इथं लिहीन, म्हणजे आत उतरणाऱ्याला खांदे तिरके करावे लागले असतील की नाही ते कळेल.